डबल बेलवर सुटलेली गाडी

आधी चहा घ्या. हातात भरला कप असला म्हणजे माणूस जोरात हसत नाही, सांडायची भीती असते. अन् मी जे सांगून राह्यली ना, त्याच्यावर तुम्ही हसणारच. हसा बापा! पण त्या दिवशी माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं, तेवढं ध्यानात ठेवून हसा.

सगळं सुरू झालं आमच्या पोरीपासून. पोरगी अन् जावई ऑस्ट्रेलियात. तिकडं त्यायनं सुट्टीत भाड्यानं एक घर-गाडी घेतली. आत पलंग, आत शेगडी, आत मोरी! अन् निघाले दोघं देश पाहायले. दोन दिवसाआड व्हिडिओ कॉल. "आई, आज आमचा मूव्हिंग डे!" म्हणजे काय, तर इथला मुक्काम हलवून तिथं जायचं. पाण्याचा पाइप गुंडाळा, खुर्च्या आत घ्या, गॅस बंद करा, चला. मागं समुद्र, पुढं सरळसोट रस्ता, अन् मधात एखादं कांगारू.

आमचे हे त्या फोनमध्ये डोकं घालून पाहत बसायचे. आमचे हे म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर. मी प्राथमिक शाळेतली रिटायर मास्तरीण. शाळेत सारे मले 'बाई' म्हणत, घरी हे 'हं' म्हणत. म्हणजे मी बोलायचं अन् यायनं 'हं' म्हणायचं, असा आमचा संसार. माणूस इतका मुका, की लग्नात उखाणा घ्या म्हटलं तर दरदरून घाम फुटला होता. माझ्या आईनं तर मले बाजूले घेऊन विचारलं होतं, "पोरी, बोलता येते ना याले?"

तर एक दिवस यायनं 'हं'च्या पुढं जाऊन आख्खं वाक्य म्हटलं. "आपण बी अशी गाडी करू का?"

मी इतकी दचकली, की हो म्हणून बसली!

आमच्या चिखलीतच एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर पाहिली. वेल्डिंगवाल्यानं आतल्या सीटा काढल्या, दिवाण ठोकला, शेगडीले ओटा केला, टपावर पाण्याची टाकी चढवली, अन् मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढा संडास बसवून देला. जावई फोनवर म्हणे, "वा आई, एकदम मोटरहोम!" शेजारीण म्हणे, "रसवंती टाकून राह्यल्या का हो बाई?"

आता चालवणार कोण? यायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. अन् खरं म्हणजे यायनं आयुष्यात कधी स्टिअरिंगले हात लावला नाही, कंडक्टर ना! मी मात्र माहेरी भावाची जीप वावरातून पळवलेली. लायसन होतं. म्हणून ड्रायव्हर मी.

हे पहिले माझ्या बाजूलेच बसायचे. पण यायले पुढं बसवणं म्हणजे डोक्याले ताप! समोर म्हैस दिसली की हे इकडं पाय दाबत. ब्रेक माझ्या पायाखाली, अन् हे आपल्या पायाखालचा पत्रा दाबून राह्यले. तोंडानं चकार शब्द नाही, फक्त डोळे मोठे. मले अजूनच भीती वाटायची. शेवटी मी मधात पडदा लावला अन् म्हटलं, "तुम्ही मागं बसा. मले तुमचं तोंड दिसलं नाही तर गाडी नीट चालते."

"हं," म्हणे.

आता दोन गोष्टी नीट ऐकून घ्या, सगळी फजिती त्या दोन्हीतच आहे.

पहिली गोष्ट आमच्या यायची. निघताना बाहेरचं सारं काम यायच्याकडं. चाकाखालचे दगड काढायचे, पाइप गुंडाळायचा, मागच्या दारानं आत यायचं, अन् पत्र्यावर दोन थापा मारायच्या. डबल बेल! एसटीत जन्म गेला, दुसरं काय येणार? डबल बेल वाजली की मी गाडी सोडायची. मागं वळून पाहायचं नाही, विचारायचं नाही. आमच्या गाडीचा कायदाच होता तो.

दुसरी गोष्ट माझी. निघताना कोणी टोकायचं नाही! मागून हाक मारायची नाही, 'कुठं चालल्या' विचारायचं नाही. तुम्ही म्हणाल, मास्तरीण असून असं मानता? मानते. चिखलीहून पहिल्यांदा निघालो, तर शेजारणीनं फाटकातून ओरडून विचारलं, "कुठं निघाल्या हो बाई?" नाक्यावर पोचत नाही तं पंक्चर! मेहकरहून निघताना तर यायनंच मागून विचारलं, "गॅस बंद केला का?" पुढं जाऊन इंजिनचा पट्टा तुटला. मग मी संध्याकाळपर्यंत यायले ऐकवलं. "गाडी हलली की गाडी थांबेपर्यंत तोंडातून आवाज काढायचा नाही. आभाळ कोसळलं तरी नाही! कळलं?"

"हं."

अशी ही आमची जोडी लोणारले पोचली. मुक्काम दादारावच्या मळ्यात. दादाराव म्हणजे यायच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर, दोघंही आता रिटायर. ते, त्यायची बायको शांता, अन् त्यायची म्हातारी माय. माणसं सोन्यासारखी. खळ्यात गाडी लावली, सरोवर पाहिलं, देवळं पाहिली, पाहुणचार झाला. तिथंही मीच बोलून राह्यली होती, म्हणा.

अन् मग उजाडला मूव्हिंग डे. लोणार सोडून देऊळगाव राजा गाठायचं, बालाजीचं दर्शन घ्यायचं.

मूव्हिंग डेले माझी तपासणीच चालते. गॅस बंद झाला का? टाकीचं झाकण लागलं का? कुकर घरंगळेल का? त्यात त्या दिवशी राहुकाळ. राहुकाळ लागायच्या आत गाडी हललीच पाहिजे! इकडं यायनं साखरेची गोळी घेऊन टाकलेली. यायले डायबेटीस आहे. गोळी घेतली की लगेच पोटात काही तरी पडलंच पाहिजे, नाही तर घाम सुटते, हातपाय कापतात, डोळ्यापुढं अंधारी येते. मागं एकदा बँकेच्या रांगेतच कोसळले होते. तेव्हापासून मी डोळ्यात तेल घालून यायचं खाणं सांभाळते.

शांता म्हणे, "वहिनी, भाऊले दोन घास खाऊ द्या, मग निघा."

"नाही नाही! राहुकाळ लागते. भाकरीचा डबा गाडीतच आहे, चालत्या गाडीत खातील. अन् सगळे ऐका, गाडी सुरू झाली की कोणी टोकू नका. मागून हाक मारू नका. पाया पडते तुमच्या."

"नाई टोकत, वहिनी," दादाराव म्हणे. "सबन घराले सांगून ठेवतो."

मी स्टिअरिंगवर बसली. देवाचं नाव घेतलं. पडद्यामागून खुडबुड ऐकू आली, म्हटलं चढले हे. खरं म्हणजे ती शांता होती, गुळाचा डबा आत ठेवून उतरली. हे दगड काढून हात धुवायले हौदावर गेलेले. मले काय माहीत?

तेवढ्यात दादारावची माय आली हळदी-कुंकू घेऊन. गाडीच्या तोंडाले कुंकू लावलं, नारळ ओवाळला. अन् म्हातारी ती, जन्मभर बैलं ओवाळलेली. पोळ्याले बैलाच्या पाठीवर थाप मारतात ना मायेनं? तशी ती बाजूनं आली, अन् माझ्या गाडीच्या पत्र्यावर मारल्या तिनं दोन थापा.

धप्. धप्.

डबल बेल!

सोडली मी गाडी!

आरशात पाहते तर काय, सारं घर हात हलवून राह्यलं. दादाराव गोठ्याकडून पळत आले, दोन्ही हात वर करून हलवून राह्यले. शांता पदर हलवून राह्यली. माझे डोळेच भरून आले. म्हटलं, काय माया आहे लोकायची! मी जोरात हॉर्न वाजवला. अन् मागं उडालेल्या धुरळ्यात अजून एक माणूस दिसला, हातातला टॉवेल गरगर फिरवत गाडीच्या मागं धावून राह्यला होता. तोंडातून मात्र आवाज नाही. मी म्हटलं, पाहा बाई, शेजारच्या मळ्यातला असेल. ओळख ना पाळख, पण निरोप द्यायले किती दूर धावून राह्यला बिचारा! त्याच्यासाठी मी खास वेगळा हॉर्न वाजवला.

हसू नका. कप सांभाळा.

मग रस्ताभर माझी बडबड सुरू. "दादारावची माणसं किती चांगली आहेत नाही?" मागून भांडं वाजलं, खण्ण! मी म्हटलं, ऐकून राह्यले. "डबा उघडा अन् भाकरी खाऊन घ्या, गोळी घेतली तुम्ही." खण्ण! "ठेचा जास्त घेऊ नका, तुम्हाले मग जळजळते." खण्ण खण्ण! मी म्हटलं, ठेचा घेतलाच वाटते यायनं. मग मी ठेच्यावर बोलली, पोरीवर बोलली, यायच्या बहिणीनं मले वास्तूले नेसवलेल्या त्या पातळ साडीवर बोलली. यायनं एका शब्दानं आडवं बोललं नाही. इतका सुखाचा प्रवास आमचा कधी झाला नव्हता!

वाटेतल्या बीबी गावाले चहाची टपरी दिसली, गाडी बाजूले घेतली. म्हटलं, राहुकाळ टळला, आता माणसाले चहा पाजू. "दोन द्या हो भाऊ, एक बिनसाखरेचा." दोन्ही ग्लास घेतले अन् मागचं दार पायानं उघडलं.

"घ्या!"

दिवाण रिकामा.

संडासाचं दार बंद. बरं म्हटलं, आत असतील. थांबली. चहा निवला. "अहो!" आवाज नाही. म्हटलं साडीवरून बोलली म्हणून राग आला असेल, नणंदेचं नाव काढलं की लागते यायले. "अहो, चुकलं माझं, बाहेर या." आवाज नाही. दार ओढलं, आतून घट्ट.

अन् मग माझी नजर गेली डब्यावर. भाकरीचा डबा! जसा मी गाठ मारून ठेवला होता तसाच. गाठसुद्धा सुटलेली नाही.

गोळी घेतलेली, पोटात अन्नाचा कण नाही, आतून कडी, अन् आवाज नाही! चहाचे ग्लास कुठं पडले माहीत नाही. मी दारावर दोन्ही हातानं मारून राह्यली अन् ओरडून राह्यली, "अहो! अहो, ऐका ना! कोणी आहे का? माणूस पडला आतमध्ये!"

टपरीवरचे सारे धावत आले. कोणी म्हणे पाणी आणा, कोणी म्हणे साखर आणा, कोणी म्हणे कांदा आणा. मी म्हटलं कांदा फिटवाल्याले लावतात, यायले साखर! टपरीवाला धिप्पाड गडी होता. तो पहार घेऊन आला.

"सरका बाई."

"जपून हो! दाराले टेकूनच पडलेले असतील. डोक्यावर लागेल त्यायच्या."

त्यानं पहार फटीत घातली, हिसका देला, दार कडकन निघून त्याच्या हातात आलं.

आत एक बादली. अन् दोरीवर वाळत घातलेलं यायचं बनियन.

कडी आपोआप बसली होती, गाडीच्या धक्क्यानं. पण माणूस कुठं? सारे एकदा बनियनकडं पाहत अन् एकदा माझ्याकडं. टपरीवाला दार हातात धरूनच हळूच विचारते, "बाई, माणूस होता ना नक्की?"

"म्हणजे काय? लोणारपासून बोलून राह्यली मी त्यायच्यासंगं!"

"अन् ते काय बोलले?"

मी परत एकदा बादलीत डोकावली.

तेवढ्यात गर्दीतल्या एकानं मागचं दार हलवून पाहिलं. "याची कडी तं लागलेलीच नव्हती, नुसतं ओढलेलं होतं. रस्त्यात पडले तं नसतील?"

झालं! माझ्या डोळ्यापुढं सारा रस्ता आला. एक एक खड्डा आठवला. ज्या खड्ड्यात गाडी जोरात आदळली अन् मी खुशाल ठेच्यावर बोलत होती, तो तर पहिला आठवला. मी तिथंच मातीत बसली. दोन पोट्ट्यांनी मोटरसायकली काढल्या, रस्त्याच्या कडेनं पाहत जातो म्हणे.

"बाई, आंगात काय होतं त्यायच्या?"

अन् खरं सांगते, मले आठवेना. सकाळपासून मी गॅस पाहिला, झाकण पाहिलं, कुकर पाहिला, पण आपल्या माणसानं काय घातलं ते मी पाहिलंच नव्हतं. पांढरा सदरा की निळा? मी रडून राह्यली अन् म्हणून राह्यली, "शांत आहेत हो ते. फार शांत आहेत. पडले तरी आवाज करणार नाहीत, तुम्हीच नीट पाहा!" देवाले म्हटलं, बालाजी, यायले सुखरूप दे, मी यापुढं पंधरा मिनिटं तरी गप बसत जाईन. जास्त कबूल करायची हिंमत झाली नाही.

अन् गाडीत फोन वाजला. यायचा फोन, उशीखाली. मी पळत गेली, उचलला.

"वहिनी?" पलीकडं दादाराव. "गाडी थांबली का तुमची?"

"दादाराव भाऊ! अहो, हे पडले हो गाडीतून! सापडून नाही राह्यले!"

"पडले? नाई वो. भाऊ तं इथं हायेत."

"कुठं इथं?"

"इथं. आमच्या खाटेवर. तुम्ही सोडूनच गेल्या ना त्यायले."

मले हसू यावं का रडू, कळेना. "जेवले का ते?" हे पहिलं निघालं तोंडातून.

"हाव. गरम भाकर, पिठलं, सारं झालं. मस्त हायेत."

"अहो, मग मले आवाज काऊन नाही देला कोणी!"

"वहिनी, तुम्हीच तं बजावलं होतं, टोकू नका म्हणून! आम्ही हात केले. शांतानं पदर हलवला. भाऊ तं टॉवेल घेऊन रोडपावतर धावले. तुम्ही हॉर्न वाजवून अजून जोरात काढली गाडी."

फोन सगळ्यायले ऐकू जाऊन राह्यला होता. टपरीवाल्यानं दार हळूच गाडीले टेकवून ठेवलं अन् पाठ फिरवून उभा राह्यला. त्याचे खांदे हलून राह्यले होते.

मी गाडी वळवली. पण ते पोट्टे मोटरसायकलीवरून आधीच पुढं गेलेले, साऱ्या रस्त्याले खबर लावत! एका फाट्यावर म्हाताऱ्यानं थांबवलं, "बाई, तुमचाच माणूस पडला का?" पुढच्या फाट्यावर, "भांडणात उडी टाकली म्हणे त्यानं?" लोणारच्या अलीकडं तर एक बाई दुसरीले माझ्याकडं बोट दाखवून सांगून राह्यली, "हीच ती. इनंच ढकललं." मी काच वर केली अन् समोर पाहत राह्यली.

सारा रस्ता मी मनात एकच चित्र पाहत होती. हे खाटेच्या कोपऱ्यावर, तोंड पाडून, परक्याच्या घरी मुक्यानं बसलेले. पाणी लागलं तरी मागणार नाहीत, माझी वाट पाहत असतील. मले त्यायची इतकी कीव आली, की डोळे पुसत पुसत गाडी चालवली.

दादारावच्या मळ्याच्या बांधापाशी गाडी बंद केली, तर खळ्यातून हसण्याचा गडगडाट ऐकू आला. अन् एका माणसाचा खणखणीत आवाज. म्हटलं, हे कोण आलं? कोणी कीर्तनकार आला का दादारावकडं?

पाहते तर आमचे हे!

खाटेवर उभे! आंगात दादारावचा ढगळा सदरा, एक हात वर दांडा धरल्यासारखा, दुसऱ्या हातानं तिकीट फाडून राह्यले. भोवती दादाराव, शांता, म्हातारी, आजूबाजूच्या मळ्यातले गडी-बाया, सारे पोट धरून बसलेले. "तर तो म्हणते, कंडक्टर मास्तर, बोकडाचं हाफ तिकीट द्या! मी म्हणलं, बोकडाचं वय किती? तो म्हणते, दाढी पाहून तुम्हीच ठरवा!" अन् बोकडासारखं तोंड करून असे काही ओरडले, की शांता पदरात तोंड खुपसून लोळायलेच लागली.

हा माणूस मी इतकी वर्षं पाहिलाच नव्हता हो.

"वहिनी, भाऊ म्हणजे आमच्या डेपोचा रेडिओ!" दादाराव डोळे पुसत म्हणे. "यायची गाडी असली का पॅसेंजर दुसऱ्या गाडीत चढे नाई. तुम्हाले तं रोजच ऐकाले भेटत असन!"

मले रोज भेटते ते नुसतं 'हं'. मग एकदम रडूच फुटलं. "मी तिकडं बीबीले दार फोडलं, खड्डे धुंडाळायले माणसं पाठवली! राहुकाळ गेला, टोकणं गेलं, मेलं सगळं! पण गाडी दूर गेल्यावर तरी लगेच फोन करायचा ना कोणी?"

दादाराव खाली पाहायले लागले. म्हातारीनं मात्र सरळ सांगून टाकलं. "मी कवाची म्हणून राह्यली होती, फोन लावा त्या माऊलीले. तं तुहा नवराच म्हणे, लावू माय, लावू. घाईनं काय होते? एवढ्या दोन गोष्टी होऊ दे."

मी यायच्याकडं पाहिलं. यायनं माझ्याकडं पाहिलं. हळूच खाटेवरून उतरले, सदरा नीट केला, अन् म्हणे, "हं."

बस! तोंड मिटलं. सगळ्यायचे चेहरे असे उतरले, जसा ऐन पंगतीत वाढणारा निघून गेला. कोणी माझ्याकडं पाहते, कोणी यायच्याकडं. मलेच कसंतरी व्हायले लागलं.

तेवढ्यात दादारावची माय उठली, माझ्याजवळ आली. पाठीवरून हात फिरवला. "दमली अशीन वं माय. पाणी पे, गूळ खाय."

"नको आजी, असू द्या."

"बरं, एक काम करतं का?" म्हातारीनं माझ्या हातातल्या गाडीच्या चावीकडं पाहिलं अन् एकदम लाडीगोडीनं म्हणे, "गाडी अजून गरमच हाय. आणिक एक चक्कर मारून ये ना बापा. तवर त्या बोकडाचं काय झालं, ते तरी ऐकून घेतो आम्ही."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायले पाहिजे होतं?

गेली मी. पार बसस्टँडपर्यंत गेली. अन् येताना गाडी सावकाशच चालवली.